व्हिडिओ गेमच्या वितरकाचा उदयास्त

एखादा व्यवसाय नाहीसा झाला की त्याच्या नाशाची कारणे लोकांच्या तोंडी आयती तयार असतात, आणि ती जितकी सोपी असतील तितक्या त्वरेने सर्वमान्य होतात. परदेशात तयार झालेला व्हिडिओ गेम मुंबईच्या आयातदाराकडून पुण्याच्या तपकीर गल्लीत, तिथून सोलापूरच्या नवी पेठेत आणि तिथून तुळजापूर, नळदुर्ग, धाराशिव अशा गावांतील रेडिओ-टीव्हीच्या दुकानांपर्यंत पोहोचवणारी जी वितरणव्यवस्था १९९० नंतरच्या दोन दशकांत आपल्याकडे उभी राहिली आणि पुढच्या एका दशकात लयाला गेली, तिच्याविषयी असेच एक मत रूढ आहे. नकली कॅसेटींनी आणि चोरट्या सीडींनी तिचे कंबरडे मोडले, उरलेसुरले काम इंटरनेटने केले, आणि मधला दलाल गेल्यामुळे शेवटी गिऱ्हाइकाचे भलेच झाले, असे ते मत होय.

हे मत मला उथळ वाटते. माझे प्रतिपादन असे की वितरकाचा अस्त चोरीमुळे झाला नाही. ज्या वस्तूच्या आधारावर तो उभा होता ती वस्तूच बाजारातून उठली, म्हणून झाला. ती उठल्यावरही त्याला तगवू शकेल असे एकच कार्य शिल्लक होते, आणि ते म्हणजे परक्या खेळाला येथील भाषेत आणि येथील समाजात रुजवण्याचे. ते आपल्या वितरकाने अंगावर घेतले नाही, म्हणून तो गेला. आणि तो गेल्याने झालेली हानी त्याच्या गल्ल्यापुरती नसून मराठी भाषेची आहे.

१. वितरकाच्या शिरावरील तीन ओझी

मोंढ्यातील आडत्याविषयी शेतकऱ्याच्या मनात राग असतो आणि तो पुष्कळदा सकारण असतो. परंतु आडत्या हंगामाआधी उचल देतो, मालाची प्रत ठरवतो आणि पैसे थकले तर काही काळ स्वतः कळ सोसतो, हेही तितकेच खरे. वितरकाची गोष्ट अशीच आहे. त्याचा नफा सर्वांना दिसतो आणि त्याने उचललेला भार कोणाला दिसत नाही. हा भार तिपेडी होता.

पहिले ओझे जोखमीचे. मुंबईचा आयातदार परदेशी प्रकाशकाला आगाऊ रक्कम किंवा किमान विक्रीची हमी देई, जकात भरून माल सोडवून घेई आणि गोदामात ठेवी. सोलापूरचा घाऊक व्यापारी तो उधारीवर उचली. आणि तेथून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या, लोहमार्ग नसलेल्या तुळजापूरच्या दुकानदारास तो मुदतीने मिळे. यात्रेच्या दिवसांत माल खपला तर वसुली होई, न खपला तर तगादा सुरू होई. या साखळीतला प्रत्येक जण स्वतःच्या पैशाने असा पैजेचा विडा उचलत होता की परक्या देशातला एक खेळ या गावातील कोणाला तरी हवासा वाटेल.

दुसरे ओझे दराचे. ज्या समाजासाठी ती वस्तू मुळात निर्माण झाली त्याची ऐपत आणि येथील गृहस्थाची ऐपत यांत जे अंतर होते, ते मिटवल्याशिवाय विक्री अशक्य होती. प्रकाशकाशी झगडून, साधे वेष्टन वापरून, कधी देशातच तबकड्या छापून घेऊन वितरक ते अंतर कमी करी.

तिसरे ओझे परिचयाचे. खेळ कशाविषयी आहे, कोणत्या वयाच्या मुलास योग्य आहे, कसा खेळावयाचा आणि तो खेळणे वेळेचा अपव्यय का नव्हे, हे सर्व गिऱ्हाइकास त्याच्या बोलीत सांगणारा कोणी तरी लागतो. पहिली दोन ओझी वितरकाने निष्ठेने वाहिली. तिसरे त्याने दुकानदाराच्या जिभेवर सोडून दिले, आणि माझ्या मते त्याच्या अस्ताचे बीज तेथेच पडले.

२. कॅसेटीचा कालखंड

निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र विक्रीस काढले. त्याचा अधिकृत भारतीय अवतार ‘सामुराई’ या नावाने आला खरा, परंतु आपल्या घराघरांत जे पोहोचले ते त्या यंत्राच्या पूर्व आशियात बनलेल्या नकलांचे पीक होते. त्यांची कॅसेट आज हातात घेऊन पाहावी. भडक रंगाचे प्लास्टिकचे कवच, तळाशी साठ पितळी दातांची पट्टी, आणि वर एकात हजारो खेळ असल्याची ग्वाही देणारा कागद. यंत्र सुरू केले की पडद्यावर लांबलचक यादी उमटे. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ ही नावे अग्रभागी असत. आणि थोडे खाली उतरले की तेच पाच-दहा खेळ निराळ्या पातळीपासून सुरू होऊन निराळ्या नावाने पुन्हा पुन्हा भेटत. धूळ बसली की पट्टीवर फुंकर मारून कॅसेट पुन्हा बसवायची, आणि कंटाळा आला की दुकानात जुनी देऊन वर थोडे पैसे भरून दुसरी घ्यायची, हा रिवाज ज्याने बालपणी पाळला नाही असा त्या पिढीतला खेळाडू विरळा.

आता याच काळातला अधिकृत व्यवहार पाहावा. आयात जकात ८० टक्के असल्यामुळे सेगा कंपनीने एप्रिल १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार करून आपले ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात आणले, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. पाचव्या वेतन आयोगाने १९९६ पासून जी वेतनश्रेणी लागू केली तीत केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचा आरंभीचा मूळ पगार २,५५० रुपये होता. म्हणजे खेळण्याच्या एका यंत्रासाठी त्याला सात महिन्यांचा मूळ पगार मोजावा लागला असता. अशा स्थितीत नकलेने अधिकृत मालाचे गिऱ्हाईक पळवले, असे म्हणणे म्हणजे जे गिऱ्हाईक कधी नव्हतेच त्याच्या चोरीची फिर्याद नोंदवणे होय. वस्तुस्थिती उलट होती. नकलेने गिऱ्हाईक घडवले. मुंबईत १९९८ साली स्थापन झालेल्या मिताशीसारख्या कंपनीने टीव्हीला जोडावयाची खेळयंत्रे आपल्या नावानिशी देशभर विकली, त्या विक्रीला आधार होता तो नकली यंत्रांनी आधीच नांगरून ठेवलेल्या जमिनीचा.

३. अधिकृत वितरणाचा मध्यान्ह

यानंतरचा काळ अधिकृत वितरकाच्या उत्कर्षाचा आहे. ‘प्लेस्टेशन २’ची अधिकृत विक्री सुरू झाली, मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ सप्टेंबर २००६ मध्ये आणि सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपये किमतीला भारतात आले. मुंबईतील ई-एक्सप्रेस इंटरॅक्टिव्ह आणि माईलस्टोन इंटरॅक्टिव्ह या कंपन्यांनी परदेशी प्रकाशकांचे वितरणहक्क घेऊन खेळांच्या डब्या देशभर पोहोचवल्या, आणि माईलस्टोनने ‘गेमफॉरयू’ या नावाने स्वतःच्या दुकानांची साखळीही उभारली.

या काळातील वितरकाची सर्वांत मोठी कामगिरी दराची आहे, आणि तिचे श्रेय त्याला कोणी देत नाही. अमेरिकेत पन्नास-साठ डॉलरला विकला जाणारा संगणकावरचा खेळ येथे हजार-दीड हजार रुपयांत मिळे. हा माल पुन्हा परदेशी जाऊन तेथील बाजार बिघडवू नये म्हणून डबीवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असे. त्या एका ओळीमागे वितरकाने केलेल्या वाटाघाटी आहेत. तीन-चारशे रुपयांचा फरक पडला तरी ज्याचे मन बदलते अशा गिऱ्हाइकाला चोरट्या सीडीवरून अधिकृत डबीकडे वळवणे शक्य आहे, हे त्याने परदेशी प्रकाशकास पटवून दिले आणि व्यवहारात सिद्ध करून दाखवले. चोरी हेच जर मृत्यूचे कारण असते, तर चोरट्या सीडी रस्त्यावर ढिगाने विकल्या जात असताना हा उत्कर्ष झालाच नसता.

परंतु डबी उघडली की आत इंग्रजी पुस्तिका, पडद्यावर इंग्रजी सूचना आणि पात्रांच्या तोंडी इंग्रजी संवाद. सोनीने २००९ साली पतंग, कबड्डी आणि गिल्ली-दांडा यांवर बेतलेला ‘देसी अड्डा’ नावाचा खेळ काढून एक पाऊल टाकले, ही नोंद घ्यावयास हवी. पण ते पाऊल यंत्र बनवणाऱ्याचे होते, वितरकाचे नव्हते. वितरकाने दर येथला केला, वस्तू परकीच ठेवली.

४. वस्तूचे परवान्यात रूपांतर

आता मूळ कारणाकडे येऊ. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ ही संगणकावरून थेट खेळ पुरवणारी व्यवस्था सुरू केली, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा बहुप्रतीक्षित खेळ काढताना असा दंडक घातला की दुकानातून तबकडी विकत घेतलेल्या माणसानेही इंटरनेटवरून त्या व्यवस्थेत आपले खाते उघडलेच पाहिजे. वरकरणी हा चोरी रोखण्याचा उपाय होता. वस्तुतः तो मालकीहक्काचा फेरफार होता. त्या दिवसापर्यंत तबकडी ज्याच्या हाती तो खेळाचा मालक होता. त्या दिवसापासून तबकडी हे केवळ वाहन झाले, आणि गिऱ्हाइकाला मिळाला तो वापराचा परवाना, जो त्याच्या खात्याशी जखडलेला होता.

या फेरफाराचे परिणाम खालपर्यंत झिरपायला दहा वर्षे लागली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ची संगणकावरची आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली तेव्हा डबीत सात डीव्हीडी होत्या, परंतु त्या सातही तबकड्यांची किंमत डबीतल्या कागदावर छापलेल्या सांकेतिक क्रमांकावर अवलंबून होती, आणि तो एकदा वापरला की तबकड्या दुसऱ्याच्या काही कामाच्या नव्हत्या. जुना खेळ परत घेऊन नवा देण्याचा जो व्यवहार कॅसेटीच्या काळापासून दुकानाचे खेळते भांडवल होता, तो संगणकाच्या खेळांपुरता येथे संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टीमने रुपयांत विक्री सुरू केली, आणि दराचे जे अंतर वितरक झगडून मिटवीत असे ते प्रकाशक आता परस्पर मिटवू लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, त्यात खेळयंत्रे २८ टक्क्यांच्या वर्गात पडली. आणि खेळाडूंचा मोठा प्रवाह मोबाइलकडे वळला, जेथे खेळ फुकट मिळतो आणि पैसे खेळाच्या आत मोजावे लागतात.

ही साखळी लक्षात घेतली म्हणजे असे दिसते की वितरकाचे पहिले ओझे, जोखमीचे, निरर्थक झाले, कारण साठवण्यास माल उरला नाही; आणि दुसरे, दराचे, प्रकाशकाने स्वतःकडे घेतले. उरले केवळ तिसरे. ज्याने ते वाहिले होते तो अशा प्रसंगी काय करतो, हे पाहण्यासाठी बाहेर दृष्टी टाकावी लागते.

५. पोलंड आणि ब्राझील यांची साक्ष

मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन तरुणांनी १९९४ साली वॉर्सा येथे सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली, तेव्हा ते परदेशी खेळांचे सामान्य आयातदार होते, आणि त्यांच्या देशात उघड्या बाजारात चोरट्या प्रती विकल्या जाणे ही नित्याची बाब होती. त्यांनी १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा प्रचंड संवादांचा खेळ संपूर्ण पोलिश भाषेत आणला. प्योत्र फ्रोनचेव्स्की यांच्यासारख्या नामांकित नटांचे आवाज वापरले. डबीत पाच तबकड्यांसोबत नकाशा, नियमपुस्तिका आणि संगीताची तबकडी घातली. चोर खेळाची नक्कल करू शकत होता, परंतु आपल्या भाषेत आदराने सजवलेली ही पेटी त्याला बनवता येत नव्हती. खेळ पहिल्याच दिवशी १८,००० प्रती खपला. त्या अनुभवातून आणि भांडवलातून कंपनी स्वतः खेळ निर्माण करू लागली, आणि २००७ साली आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर आधारलेला ‘द विचर’ जगापुढे आला. पुढच्याच वर्षी तिने स्वतःची डिजिटल विक्रीव्यवस्थाही उभारली. म्हणजे ज्या लाटेत आपला वितरक बुडाला तिच्यावर पोलंडचा वितरक स्वार झाला.

ब्राझीलमध्ये १९८७ साली स्थापन झालेली टेकटॉय ही सेगाची वितरक कंपनी. तिने १९९१ साली एक जपानी खेळ घेऊन त्यातील नायकाच्या जागी मोनिका ही ब्राझीलच्या चित्रकथांतली लाडकी मुलगी बसवली, आणि त्याच वर्षी ‘फँटसी स्टार’ हा खेळ पोर्तुगीज भाषेत काढला. पुढे तिच्यावर आर्थिक अरिष्टही आले. तरी २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणे सोडल्यानंतरही टेकटॉय जुन्या सेगा यंत्रांच्या नव्या आवृत्त्या विकत राहिली.

चोरी तिन्ही देशांत होती, इंटरनेट तिन्ही देशांत आले. फरक पडला तो भाषेचा भार कोणी उचलला आणि कोणी टाळला, एवढ्याने.

६. संभाव्य आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की मराठी खेळाला गिऱ्हाईकच नव्हते. येथला मुलगा हिंदी समजतो, इंग्रजी जेमतेम वाचतो आणि तेवढ्यावर त्याचे भागते. या आक्षेपाचे उत्तर तुळजापूरच्या बाजारातच मिळते. भवानीच्या मंदिराच्या वाटेवर कुंकू, परडी आणि कवड्यांच्या माळा यांच्या शेजारी देवीच्या गाण्यांच्या, आराधी गीतांच्या आणि गोंधळाच्या ध्वनिफिती त्याच दशकांत विकल्या जात होत्या. तेच प्लास्टिक, तेच सोलापूर-पुण्याचे घाऊक व्यापारी, तेच फिरते गिऱ्हाईक आणि नकला करणारे तेच. तरीही मराठी ध्वनिफितीचा धंदा भरभराटीस आला, कारण तिच्यात जे विकले जात होते ते ऐकणाऱ्याच्या काळजाशी बोलणारे होते. पोलंडची लोकसंख्या ३.८ कोटींच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे ८.३ कोटी आहेत. पोलिश कुटुंबाची ऐपत अधिक होती, हे मान्य. म्हणून संपूर्ण आवाजी रूपांतर आपल्याला आरंभी झेपले नसते, हेही मान्य. परंतु चार पानांची मराठी पुस्तिका आणि पडद्यावरच्या सूचनांचे मराठीकरण यांस नटसंच लागत नाही. ते झाले नाही, कारण ते करण्याजोगे आहे असे कोणाच्या मनातच आले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. दुकानदार गेला तरी तुळजापूरच्या मुलाला आज जगातला कोणताही खेळ न्यूयॉर्कच्या मुलाबरोबर त्याच क्षणी मिळतो. मग तक्रार कसली? ही समता खरी आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु पोहोच आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरपासून तो खेळ भारतात बंद पडला, तेव्हा ज्यांनी त्यात पैसे घातले होते त्यांना दाद मागण्यासाठी गावात काय, राज्यातही कोणी उत्तरदायी मनुष्य नव्हता. पुढे जुलै २०२१ मध्ये नवी भारतीय आवृत्ती आली तेव्हा जुने खाते तिच्यात हलवण्याची सोय मिळाली. पण ती कंपनीची मर्जी होती, गिऱ्हाइकाचा अधिकार नव्हता. ज्याच्या उंबरठ्यावर जाऊन भांडता येते असा विक्रेता ही बाजारातील लोकशाहीची पहिली पायरी आहे, आणि ती नाहीशी झाल्याचे मोल दराच्या सवलतीत भरून निघत नाही.

तिसरा आक्षेप असा की एवढा ऊहापोह करण्याइतका व्हिडिओ गेम हा विषयच नव्हे. हाच आक्षेप एके काळी कादंबरीवर घेतला गेला, नाटकावर घेतला गेला, बोलपटावर घेतला गेला. आणि प्रत्येक वेळी ज्यांनी तो धुडकावला त्यांनीच मराठीला तिचे वैभव दिले. चित्र, संगीत, कथा आणि वास्तुरचना यांना एकत्र आणून प्रेक्षकाला कर्ता बनवणारी ही कला आजच्या तरुणाची प्रमुख कला आहे. तिच्यापासून भाषेला दूर ठेवणे म्हणजे त्या तरुणाच्या अनुभवविश्वाच्या एका दालनातून मराठीला आपण होऊन बेदखल करणे होय.

७. रिकाम्या जागेचा प्रश्न

वितरक गेल्याने पडलेल्या रिकाम्या जागेची खूण पाहावयाची असेल तर ‘राजी’ या खेळाकडे पाहावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो निर्माण केला. प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर दुर्गेचे बळ लाभलेली एक मुलगी महाबलासुराने पळवलेल्या भावाचा शोध घेते, असे त्याचे कथानक आहे. भवानीच्या क्षेत्रातल्या कोणत्याही मुलीला ही कथा परकी वाटणार नाही. परंतु तो ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला तो इंग्रजी निवेदनासह, आणि ज्याची अधिकृत विक्री आपल्या देशात नव्हती अशा निन्टेन्डो स्विच या यंत्रावर. निर्माता पुण्याचा, दैवत आपले, आणि तरीही तो खेळ मराठीतून पुणे ते तुळजापूर हा प्रवास करू शकला नाही, कारण तो प्रवास घडवणारी संस्था तेव्हा उरली नव्हती. कलावंताला निर्मिती साधते. निर्मितीला समाजापर्यंत नेणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यासाठी स्वतंत्र माणूस लागतो.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली ॲनिमेशन, दृक्-परिणाम आणि गेमिंग या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. त्याआधीच्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन निर्णयांची गाठ अजून कोणी घालून दिलेली नाही. गुंतवणूक आणि रोजगार यांचे उद्दिष्ट योग्यच आहे, परंतु जे धोरण केवळ निर्मितिगृहे मोजते ते जुन्या वितरकाचीच चूक मोठ्या प्रमाणावर करते. साहित्य संस्कृती मंडळ ज्या भावनेने ग्रंथांना साहाय्य करते त्याच भावनेने दरवर्षी काही निवडक खेळांच्या मराठी रूपांतराला साहाय्य करावे. महाराष्ट्रात तयार होणारा आणि शासकीय सवलत घेणारा प्रत्येक खेळ मराठीतही उपलब्ध असावा, अशी अट सवलतीच्या कागदावर असावी. आणि आमच्या प्रकाशकांनी, ज्यांना लेखक, अनुवादक आणि वाचक यांची नाडी ठाऊक आहे, त्यांनी हे क्षेत्र परके समजणे सोडावे. डबी आणि कॅसेट परत येणार नाहीत आणि त्यांच्यासाठी शोक करण्याचेही कारण नाही. वितरकाचे तिसरे ओझे मात्र अजून रस्त्यात पडून आहे, ते उचलण्यास इंटरनेटची आडकाठी नाही, आणि ते आपण उचलले नाही तर उद्या मराठीत खेळ का नाहीत याचा जाब दुसऱ्या कोणाला विचारण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.